विकतची हराळी

कनेरगाव नाका,
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय धुरपता,

तुझ्यावरून दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडून रामराम. पत्र हातात पडल्यावर तुझा जीव धडधडला असंल, कारण आपल्या वयाच्या बाईला पत्र येतं ते काय चांगलं येतं? पण घाबरू नको, कोणी मेलं न्हाई. उलट मी इतकी खुशीत हाय की सकाळी चहात साखर टाकायची विसरले अन् तसाच प्याले, तरी गोड लागला. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस अन् माझं राहून जातं. लहानपणापासूनची खोड हाय ती तुझी. पत्राला मधे तोडता येत न्हाई. माझी चौथी झालेली, तुझी तीबी न्हाई, तवा कानामात्रा चुकला तर तुला कळायचं न्हाई हे एक बरं हाय. वाचणाऱ्याला कळंल. आधी तुझा विजू वाचून दाखवायचा, आता तो घरी न्हाई म्हणल्यावर शेजारच्या कमलबाईला बसवलं असशील. कमलबाई, सावकाश वाचा, अन् मोठ्यानं वाचा, धुरपताला कमी ऐकू येतं. काही गाळू नका.

पहिलं आमच्या लॉनचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. माझ्या प्रमोदनं वाशीम रोडला लागून असलेल्या वावराला तारेचं कुंपण घातलं, कमान उभी केली, हिरवळ लावली अन् लग्नकार्याला भाड्यानं द्यायला लागला, हे तुला माहीत हाय. मी तवा लई बोलले होते त्याला. जिथं सोयाबीन निघायची तिथं गवत? अन् गवत तरी कसं, ढोराला टाकायचं न्हाई, माणसांनी चपला घालून वरून चालायचं! पण सुरुवातीला असं हिरवं दिसायचं की मलाच वाटायचं अनवाणी जाऊन उभं राहावं. मग लग्नांची गर्दी झाली. खुर्च्यांचे पाय, मांडवाच्या बल्ल्या, डीजेची गाडी, आचाऱ्यांच्या भट्ट्या, अन् आजकालच्या पोरींच्या त्या टाचांच्या चपला, एकेक टाच म्हणजे खुंटी. काळी माती ती, ओल्यात तुडवली की वाळून फरशी होते. पाणी सोडलं तर आत मुरायचं न्हाई, वरच्या वर हिंडायचं अन् कमानीतून रोडवर निघून जायचं. गवत विरळ झालं, पिवळं पडलं, मधे मधे ताटाएवढी, परातीएवढी टकलं पडली. गिऱ्हाईक म्हणायचं, प्रमोदभाऊ, लॉन कुठंय, हे तर खळं हाय.

विजूसाठी पोरगी बघायला तू आलीस ती ह्याच खळ्यावर, यंदाच्या वैशाखात. मी तुझी वाट बघत कमानीपाशी उभी होते अन् मला आपलं माहेरचं बाळापूर आठवत होतं. बाजाराच्या ओट्यामागं आपण बाहुला-बाहुली लावायचो. बाहुला कायम तुझा, बाहुली कायम माझी. अन् तू दरवेळी काहीतरी खोट काढून वरात माघारी न्यायचीस. कधी बाहुलीला नथ न्हाई, कधी तिचं लुगडं फाटकं हाय. मी रडायचे. रडले की तू हसत हसत वरात परत आणायचीस. मला तवा वाटायचं ह्यालाच मैत्री म्हणतात. तवाच ठरलं होतं, मोठेपणी लेकरांची सोयरीक करायची. लेकरांची झाली न्हाई, म्हणून नातवंडांची करायचं ठरवलं. तुझा विजयकुमार, आईबाप गेलेलं लेकरू, तू शेळीच्या दुधावर वाढवलेला, शेतीची पदविका केलेला. अन् माझी प्रतिक्षा, प्रमोदची थोरली, बीए झालेली, आवाज असा की दळण टाकायला गेली तर गिरणीवाला बी दोन शब्द जास्त बोलायचा. सगळं बराबर होतं. फक्त पोरीला यंदा चाई लागली होती, म्हणजे जागोजागचे केस गोल गळून पडले होते. कानामागं रुपयाएवढी अन् टाळूवर त्याहून मोठी. आमी लपवलं न्हाई. मी तुला आधीच फोनवर सांगितलं होतं, सांगितलं होतं का न्हाई? तू म्हणलीस, त्यात काय मोठं, केसांशी का लग्न लावायचंय!

अन् इथं आल्यावर, पुरुषमाणसं पार त्या टोकाला चहा पीत असताना, भरल्या बायकांत तू पोरीला म्हणलीस, वेणी सोड बाई. तिनं सोडली. तू उवा बघतात तशी तिच्या डोक्यात बोटं घातलीस, केस दोन्हीकडं सारलेस अन् सगळ्या बायांना दाखवलंस. वर म्हणलीस, लॉनला बी चाई, पोरीला बी चाई, शकूच्या घरी काही दाट उगवतच न्हाई का गं? बाया हसल्या. तू हजरजबाबीच, त्यात नवल न्हाई. मी पण हसले. तुझ्या तोंडाकडं बघून हसले अन् पोह्याची ताटली तुझ्यापुढं केली. तू म्हणलीस, लिंबू न्हाई का? मी लिंबू आणून दिलं. तुमच्या गावी साखऱ्याला परत जाऊन तू विजूला सांगितलंस की पत्रिका जुळली न्हाई. हे मला पुढं त्याच्याच तोंडून कळलं, अन् नकार पोराचा न्हाई, तुझा होता हे कळलं तवा मला इतका आनंद झाला की मी उठून देवापुढं गूळ ठेवला.

तू म्हणशील, विजू तुझ्याशी काहून बोलंल? तर ऐक. त्या दिवशी चहा पिता पिता त्यानं खिशातला पेन जमिनीत खुपसून पाहिला होता, अन् पेन मोडला. तो प्रमोदला म्हणला, काका, माती गुदमरून राहिली, वरून कितीबी खत टाका, मुळाला श्वासच न्हाई. प्रमोदनं हे मनात धरलं. आषाढी एकादस झाली, लग्नं थांबली, लॉन मोकळं पडलं, तसा प्रमोदनं त्याला फोन केला. तो तवा पुण्याच्या कंपनीत लागायला निघालेला. म्हणला, आठ दिवस देतो तुमाला, मग जातो. तुला सांगायचं धाडस न्हाई झालं त्याला. पुण्याला म्हणून निघाला अन् नाक्याला उतरला. तू त्याच्या पिशवीत धपाटे बांधून दिले होतेस ना? ते आमी खाल्ले. मीठ जरा जास्त झालं होतं.

मग त्यानं जे केलं ते मी जन्मात पाहिलं न्हाई. आधी होतं तेवढं गवत अगदी बुडखाला कापलं. दाताळ्यानं ओढून सगळं मेलेलं, कुजलेलं बाहेर काढलं, म्हशीला खरारा करतात तसं. एक दिवस जमीन भिजवली. अन् लोहाराकडून एक चौकट करून आणली, तिला खाली पोकळ नळ्या. पाय देऊन दाबायची, उपसायची, पुढं सरकायचं. दरवेळी बोटाएवढ्या मातीच्या गुळ्या वर यायच्या. संध्याकाळी बघावं तर जिकडंतिकडं शेळ्या लेंड्या टाकून गेल्यासारखं! मी झाडू घेऊन निघाले, तर म्हणला, राहू द्या आजी, पावसानं विरतील, मातीची माती मातीत जाईल. ह्या भोकांतून आत हवा जाईल, पाणी जाईल, मुळं मोकळी होतील. मग वाळू अन् चाळलेलं शेणखत पसरलं, खराट्यानं भोकांत लोटलं. बी वाळूत कालवून एकदा उभं अन् एकदा आडवं फेकलं, म्हणजे कुठं विरळ राहायला नको. वरून हलकं दाबलं अन् रोज थोडं थोडं पाणी, फवाऱ्यानं, बी वाहून जाऊ नये असं. चहूकडून माझ्या जुन्या लुगड्यांचे धडपे बांधले अन् सगळ्यांना सांगितलं, पाय ठेवायचा न्हाई. कुत्र्याला सुद्धा प्रमोद हात जोडायचा.

आता माझी गंमत ऐक. बियाच्या पुडीवर एका गोऱ्या साहेबाचं चित्र होतं, हातात काठी अन् पायाखाली हिरवळ, वर परदेशी नाव. दहाएक दिवसांनी लव फुटली. सकाळी मी बघायला गेले, खाली बसले, दोन पानं चिमटीत धरली, अन् बघते तर काय, धुरपे, हराळी! जिच्यापायी आपल्या पाठी मोडल्या, जिची एक गाठ राहिली तरी परत फुटते म्हणून आपण खणून खणून बांधावर वाळवली अन् जाळली, तीच! मला वाटलं दुकानदारानं भेसळीचं बी दिलं. घरातलं कोणी उठायच्या आत खुरपं घेऊन बसले अन् कमानीकडचा सगळा कोपरा निंदून लख्ख केला. हाताला जुनी सवय, बाई, थांबतच न्हाई. प्रमोद आला अन् डोक्याला हात लावून मटकन खाली बसला. विकतची हराळी होती ती! आमी आयुष्यभर फुकट उपटली, अन् लेकानं पुडीतून आणली!

विजू मात्र हसून हसून लोळला. हसतच घरात ओरडला, प्रतिक्षा, बाहेर ये, आजीनं लॉन निंदलं! अन् ती आली. धुरपे, ती वैशाखापासून डोक्याला रुमाल बांधून आतल्या खोलीत बसत होती. आरशावर ओढणी टाकली होती. विजू आलेला, तरी त्याला तोंड दाखवलं न्हाई, जेवायला वाढायला सुद्धा यायची न्हाई. त्या दिवशी आली, उघडा कोपरा पाहिला, माझ्या हातातलं खुरपं पाहिलं, अन् हसली. मला तिच्या हसण्याचा आवाज नवा वाटला, इतके दिवस झाले होते. विजू म्हणला, आता नांग्या भराव्या लागतील, तू मदतीला ये. जिथं उगवलं न्हाई तिथं परत बी टाकायचं म्हणजे नांग्या भरणं, हे का तुला सांगायला पाहिजे. दोघं उकिडवे बसून नांग्या भरत होते. ती बी टाकायची, तो तळहातानं दाबायचा. आठ दिवसांचे वीस झाले.

ते उगवलं, अन् त्यानं परत पिशवी भरली. कंपनीवाले किती दिवस थांबणार? प्रतिक्षानं रुमाल परत घट्ट बांधला. मग मी काय केलं असंल सांग? तो निघायच्या सकाळी मी स्टेजपुढची हराळी निंदली. पहिल्यांदा चुकून निंदली होती. ह्या वेळी बघून बघून, मुळासकट. हातात खुरपं होतं अन् डोळ्यापुढं तू, लिंबू मागताना. तो आला तवा म्हणलं, म्हातारीचे डोळे, बाबा, हराळी दिसली की हात राहत न्हाई. लेकरू गुणाचं. पिशवी उतरवली अन् बी आणायला गेला. तेवढ्यात पुण्याची नोकरी गेली दुसऱ्याला. प्रमोद म्हणला, मग इथंच राहा, लॉन तूच सांभाळ. राहिला.

तुला दर आयतवारी पुण्याहून फोन यायचा ना? कंपनीत एसी हाय, मेसचं जेवण बेचव हाय? तो फोन आमच्या स्टेजच्या पायरीवर बसून व्हायचा. मागं काय आवाज करून राहिलं, असं तू विचारायचीस, तर म्हणायचा, मशीन हाय. खरंच मशीन होतं, गवत कापायचं. प्रतिक्षा चालवायची. जेवण बेचव हाय म्हणायचा तवा त्याच्या ताटात माझ्या हातची भाकर अन् शेंगदाण्याची चटणी असायची. तू तिकडं रडायचीस, लेकरू वाळलं असंल म्हणून. वाळलं न्हाई, चांगलं भरलंय, मागच्या दोन पँटा होत न्हाईत त्याला. फोन ठेवल्यावर त्याचं तोंड उतरायचं, खोटं बोललो म्हणायचा. मी म्हणायचे, असू दे रे, म्हातारीला एकदम तकलीफ नको, सावकाश सांगू.

गवत आता असं दाट हाय की वरून पाण्याची चूळ टाकली तरी मातीला लागत न्हाई. प्रतिक्षाची कानामागची चाई भरून आली. टाळूवरची न्हाई, तिथं नुसती पांढरी लव हाय. विजूनं सगळं पाहिलं. पाहून म्हणला, आजी, एवढंच होतं का? मला वाटलं काय मोठं लपवून राहिली. तू त्या दिवशी बायांत काय बोललीस ते मात्र त्याला अजून माहीत न्हाई. पोरगी सांगणार होती, मीच तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणलं, जपून ठेव, कामाला येईल. तो बिचारा अजून पत्रिकेलाच धरून बसलाय. म्हणायचा, आमच्या आजीचा पत्रिकेवर एवढा विश्वास कवापासून?

तुळशीचं लग्न झालं, अन् दोन दिवसांनी आमच्या लॉनवर ह्या हंगामातलं पहिलं लग्न लागलं. कोणाचं ते आता सांगायला नको. कमलबाई, इथं जरा थांबा, तिला पाणी द्या.

पोरगी काय दिसत होती! डोक्यावर पदर घेतला न्हाई तिनं. होते तेवढ्या केसांचा अंबाडा, त्यावर अबोली, अन् टाळू उघडी. चारजणी कुजबुजल्या, तशी ती त्यांच्याकडं बघून हसली, अन् त्याच खाली बघायला लागल्या. विजूनं पाहुण्यांना चपला कमानीपाशी काढायला लावल्या. सगळा गाव अनवाणी, हराळीवर! ग्यानबा गुरव म्हणला, शकुबाई, पाय उचलू वाटत न्हाई. तुमच्याकडचं मी कोणालाच बोलावलं न्हाई, म्हणून साखऱ्यात बातमी पोचली न्हाई. प्रमोदला सांगितलं, धुरपताचा होकार हाय, ती परस्पर येणार हाय. त्याला खरं वाटलं. आईवर विश्वास ठेवणारं लेकरू हाय ते.

आता हे सगळं काहून लिहिलं ते सांगते. लग्न ठरलं तवा विजू माझ्या पायाशी येऊन बसला. म्हणला, आजीला फोनवर सांगायचा मला धीर न्हाई. तुमी तिच्या लहानपणीच्या मैत्रीण, तुमचं ऐकंल ती, तुमीच बोलावणं धाडा. मी म्हणलं, धाडते की लेकरा. तर धुरपे, हे ते बोलावणं. लग्न होऊन गेलं. त्या दिवशी त्यानं पुढच्या ओळीतली एक खुर्ची कोणाला बसू दिली न्हाई. तुमच्या हिंगोलीकडून जीप आली की मुंडावळ्या सारून कमानीकडं बघायचा. गुरुजींना दोनदा थांबवलं. शेवटी मी जवळ गेले, पाठीवरून हात फिरवला अन् म्हणलं, कळवलं होतं बाबा, ती म्हणली मला नातूच न्हाई. मग त्यानं मान हलवली अन् अंतरपाट धरायला सांगितलं. तवापासून तुझं नाव काढत न्हाई, म्हणून तुला फोन येत न्हाई. तू मेसच्या जेवणाच्या काळजीत असशील. आता तू त्याला फोन लावशील अन् म्हणशील, शकूनं मला कळवलंच न्हाई. सांग की. प्रतिक्षा बाजूलाच असंल. मग तीबी तिचं सांगंल, वेणी कोणी सोडायला लावली, बोटं कोणी घातली, कोण काय बोललं. एक तर त्याला वाटू दे की तू हट्टानं आली न्हाईस, न्हाईतर कळू दे की तू कशी हायेस. तुझं तू ठरव, मला दोन्ही चालतं. तुझ्यासाठी त्यानं लुगडं आणलं होतं, अंजिरी, मोठ्या काठाचं, स्वतः दुकानात जाऊन निवडलेलं. ते तसंच पडून राहील म्हणून त्याची घडी मी मोडली. नेसून बसले, तसे दोघं पाया पडायला आले. मी दोघांना पोटाशी धरलं, तुझ्या वाट्याचं बी.

तुझीच,
बाळापूरची शकू